बातमीत आधी आडनाव शोधणारं शहर

‘जुन्या नाशकात दोन गटांत दगडफेक, परिस्थिती नियंत्रणात.’ एवढंच छापून येतं. वार्ताहराने संकेत पाळलेला असतो, कुणाचा धर्म किंवा जात लिहिलेली नसते. वाचणाऱ्याचं मात्र त्यावाचून काही अडत नाही. भद्रकाली म्हटलं, वडाळा नाका म्हटलं, की दोन्ही गट त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहतात आणि त्यातला आपला कोणता हेही ठरलेलं असतं. घटना निफाड-सिन्नरकडच्या एखाद्या गावातली असेल तर धर्माच्या जागी जात येते. मग फिर्यादीचं आडनाव, आरोपीचं आडनाव, फौजदाराचं आडनाव असा शोध सुरू होतो. भांडण गाडी लावण्यावरून झालं, उधारीवरून झालं की पाण्याच्या नळावरून, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत असतं. तिथवर फार थोडे जातात.

या सवयीबद्दल बोलताना आपण लगेच द्वेषाकडे वळतो. द्वेष वाढलाय, माणसं दुरावलीत, पूर्वी असं नव्हतं वगैरे. (पूर्वी काय काय होतं, त्याकडे येतोच.) मला जास्त रोखठोक काळजी वाटते. ज्या समाजात प्रत्येक बातमी आधी ‘आपली’ की ‘त्यांची’ अशी वाटून घेतली जाते, तिथे कारभार करणाऱ्याला उत्तर द्यावंच लागत नाही. त्याच्याकडे निघालेला प्रश्न वाटेतच दोन समाजांच्या भांडणात अडकतो. दोन्हीकडचे लोक एकमेकांना जाब विचारत बसतात आणि ज्याने जाब द्यायचा तो शांततेचं आवाहन करून घरी जातो.

तपोवनाचंच घ्या. २०२५च्या नोव्हेंबर-डिसेंबरात सिंहस्थाच्या साधुग्रामासाठी तिथली सुमारे १,८०० झाडं काढण्याचा प्रस्ताव महापालिकेने पुढे आणला. नाशिककर संतापले, हरकतींचा पाऊस पडला, लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, प्रकरण न्यायालय आणि हरित लवादापर्यंत गेलं. विचारले जाणारे प्रश्न अगदी सरळ होते. आधीचे सिंहस्थ याच तपोवनात झाले, मग यंदाच एवढी झाडं आड का येतात? दोन सिंहस्थांच्या मधल्या बारा वर्षांत जागेचं नियोजन का झालं नाही? त्याच परिसरात प्रदर्शन केंद्र उभारण्याची निविदा कुणाच्या डोक्यातून निघाली? यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारा एक अधिकारी, एक खातं, एक फाइल असते.

मग राज्यातल्या एका मंत्र्यांनी विचारलं की बकरी ईदला बकरे कापले जातात तेव्हा हे पर्यावरणवादी कुठे असतात. झालं. एका वाक्यात झाडांना धर्म मिळाला. दुसऱ्या दिवसापासून निविदा, सर्व्हे नंबर, पुनर्रोपण हे शब्द मागे पडले आणि ग्रुपाग्रुपांवर वाद सुरू झाला तो झाडं विरुद्ध साधू, हिंदू विरुद्ध हिंदुद्वेष्टे असा. हरकत घेणाऱ्या माणसाला आपल्या म्हणण्याआधी श्रद्धेचा दाखला जोडावा लागू लागला: मीही रामभक्त आहे, घरात रोज पूजा असते, सिंहस्थाला माझा विरोध नाही, पण... ‘पण’ यायच्या आत समोरचा निघून गेलेला असायचा. तपोवनात झाडांना मिठी मारणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी देव्हारा आहे, हे मंत्र्यांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. त्या वाक्याचं काम वेगळं होतं. प्रश्न ज्या टेबलाकडे निघाला होता, तिथून त्याला दुसऱ्याच वाटेला लावणं, हे ते काम. ते चोख झालं.

उलटा अनुभवही याच शहराच्या गाठीशी आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या पर्वणीला सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविक गेले. त्या दुर्घटनेत बोट दाखवायला दुसरा समाज नव्हता. गेलेले भाविक आपलेच, मिरवणूक साधूंची, बंदोबस्त सरकारचा. त्यामुळे चर्चा नाइलाजाने मुद्द्यावर राहिली. गल्ली किती अरुंद, उतार किती, कठडे कुठे होते, गर्दी कुणी अडवली आणि कुणी सोडली. चौकशी झाली, शाही मार्गावर खल झाला, आणि २०१५च्या सिंहस्थात गर्दीला शहराबाहेरच थांबवून मैलोन्‌मैल पायी आणण्याचा बंदोबस्त झाला. पहिल्या पर्वणीला तो इतका कडक होता की घाटावर भाविकांपेक्षा पोलीस जास्त अशी थट्टा झाली, व्यापारी चिडले, नाशिककरांनी प्रशासनाला मनसोक्त शिव्या घातल्या. पण २००३ची पुनरावृत्ती झाली नाही. आता अशी कल्पना करून बघा की त्या २००३च्या गर्दीत, सरदार चौकात, एखादा ‘वेगळ्या’ आडनावाचा फेरीवाला हातगाडी घेऊन उभा असता. मग उताराची चर्चा झाली असती का?

ही गोष्ट पूर्ण टोकाला गेली की काय होतं, ते बैरुतमध्ये दिसतं. लेबनॉनमध्ये १८ पंथांना अधिकृत मान्यता आहे. १९४३च्या अलिखित करारानुसार राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया. संसदेच्या १२८ जागा ख्रिस्ती आणि मुस्लिम अशा निम्म्या-निम्म्या, आणि त्यात पुन्हा पंथवार वाटण्या. शेवटची अधिकृत जनगणना १९३२ची, कारण नव्याने डोकी मोजली तर वाटणीचा हिशेबच बदलेल. मोठ्या पक्षांच्या, म्हणजे पर्यायाने पंथांच्या, स्वतःच्या दूरचित्रवाहिन्या आहेत. एकाच शहरात एकाच संध्याकाळी शेजारशेजारच्या दोन घरांत दोन वेगळ्या देशांच्या बातम्या लागतात म्हणा ना.

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदराच्या गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेहून जास्त माणसं मेली, अर्ध्या शहराच्या काचा फुटल्या. हा माल २०१४पासून तिथे पडून होता. सीमाशुल्क खात्याला ठाऊक होतं, सुरक्षा यंत्रणांना ठाऊक होतं, पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्षांपर्यंत कागद पोहोचले होते. मेलेल्यांत सगळ्या पंथांचे लोक होते, आणि गाफील राहिलेल्यांतही. पहिल्या तपास न्यायाधीशाने काळजीवाहू पंतप्रधानांवर ठपका ठेवला, तेव्हा सुन्नी नेते आणि धर्मगुरू त्यांच्या पाठीशी उभे राहिले: हा आमच्या पंथाच्या पदाचा अपमान आहे. त्या न्यायाधीशाला हटवलं गेलं. दुसरा आला, त्याने शिया पक्षांच्या माजी मंत्र्यांना बोलावलं, तर ते पक्ष त्याच्या हकालपट्टीसाठी रस्त्यावर आले. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यातून गोळीबार झाला, सात जण मेले. पाच वर्षं उलटली तरी कुणाला शिक्षा झालेली नव्हती. इतक्या लोकांच्या डोळ्यांदेखत, इतके कागद हातात असूनही गोदामाला जबाबदार कोण याचा निकाल लागत नाही. याचं कारण इतकंच की जबाबदार ठरणारा प्रत्येक माणूस कुणाचा तरी ‘आपला’ आहे.

आपल्याकडे राज्यघटनेने पदं अशी वाटलेली नाहीत, हा फार मोठा फरक आहे आणि तो क्षुल्लक करू नये. पण नाशिक जिल्ह्यात निवडणूक जवळ आली की उमेदवारीची चर्चा कोणत्या क्रमाने चालते ते चहाच्या टपरीवरच्या पोरालाही सांगता येतं. मराठा किती, माळी किती, वंजारी किती, आदिवासी-दलित-मुस्लिम किती, मग माणूस कोण. घटनेत नसलेली वाटणी आपण डोक्यात करून ठेवलेली आहे.

त्या वाटणीची सर्वांत जड किंमत जिल्ह्यात मालेगावने मोजली. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी शुक्रवारच्या नमाजानंतर कब्रस्तानाजवळ स्फोट झाले, तीसहून अधिक लोक मेले. पोलिसांनी मुस्लिम तरुणांनाच पकडलं. ते सुमारे पाच वर्षं तुरुंगात राहिले, आणि २०१६मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. २९ सप्टेंबर २००८ रोजी भिक्कू चौकात मोटारसायकलीत ठेवलेला बॉम्ब फुटला, सहा जण मेले. या वेळी हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित लोकांना अटक झाली. तब्बल सतरा वर्षांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, सातही आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

दोन्ही निकालांच्या दिवशी काय वातावरण होतं ते आठवा. २०१६ला एका बाजूने म्हटलं, बघा, आम्ही सांगत होतो. २०२५ला दुसऱ्या बाजूने पेढे वाटले, बघा, आम्ही सांगत होतो. दोन्ही वेळा निकाल हा सामन्याच्या धावफलकासारखा वाचला गेला. तपास यंत्रणा बदलल्या, राज्यात आणि दिल्लीत सरकारं बदलली, आरोपींची आडनावं बदलली, आणि २००८पुरतं बोलायचं तर मोटारसायकलीत बॉम्ब ठेवणारे हात कुणाचे, हे ठामपणे सांगणारा निकाल आजही आपल्या हातात नाही. सतरा वर्षं तपास करून जर पुरावा उभा राहत नसेल, तर ज्यांनी तपास केला त्यांना कुणी काही विचारलं? निर्दोष सुटलेल्या माणसाची गेलेली वर्षं आणि मेलेल्या माणसाच्या घरचा न्याय या दोन्ही गोष्टींचा देणेकरी एकच आहे: शासन. पण मालेगावच्या बातमीत शासनाला आडनाव नसतं, म्हणून ते कुणाच्या नजरेस पडत नाही.

मालेगाव एकगठ्ठा आहे, ही समजूतसुद्धा अशाच वाचनातून येते. २०२४च्या लोकसभेला धुळे मतदारसंघातल्या सहापैकी पाच विधानसभा क्षेत्रांत भाजपचे उमेदवार पुढे होते, आणि एकट्या मालेगाव मध्यने काँग्रेसला इतकं मताधिक्य दिलं की ती जागा ३,८३१ मतांनी फिरली. त्यावर ‘व्होट जिहाद’ असा शिक्का बसला. सहा महिन्यांनी त्याच मालेगाव मध्यमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि दोन मुस्लिम उमेदवारांत निकाल लागला तो अवघ्या १६२ मतांनी. गठ्ठा असता तर असं झालं असतं का? तिथल्या यंत्रमाग कामगाराला रस्त्याचा, पाण्याचा, विजेचा आणि मजुरीचा राग येतो, तो आपापसातल्या निवडणुकीत मोकळेपणाने बाहेर पडतो. समोर दुसरा समाज दिसला की तो राग आवरून धरावा लागतो. हे फक्त मुसलमानांचं वैशिष्ट्य नाही. लासलगावचा शेतकरीही असंच करतो. डिसेंबर २०२३मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, त्याचा राग मे २०२४मध्ये दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत निघाला. नोव्हेंबरात विधानसभेला जिल्ह्यातल्या १५पैकी १४ जागा महायुतीने घेतल्या. कारणं बरीच होती, लाडकी बहीण होती, मराठा-ओबीसी ताण होता, उमेदवारांचं आपापलं बळ होतं. पण ‘एक राहा नाहीतर कापले जाल’ अशा छापाच्या घोषणांच्या गदारोळात कांद्याला कुणी विचारत नव्हतं, हे मी बाजार समित्यांच्या गावांत राहणाऱ्यांकडूनच ऐकलंय.

आणि आता तर भांडणाला स्थानिक कारणही लागत नाही. ऑगस्ट २०२४मध्ये बांगलादेशातल्या हिंदूंवरच्या अत्याचारांच्या निषेधार्थ नाशिकमध्ये बंद पुकारला गेला आणि त्यातून जुन्या नाशकात दगडफेक झाली. ढाक्यात जे घडलं ते निषेधार्हच होतं. पण त्याचा हिशेब दुकान उघडं ठेवणाऱ्या एका नाशिककराने आणि ते बंद करायला आलेल्या दुसऱ्या नाशिककराने चुकता करावा, हा कुठला न्याय? त्याआधी मे २०२३मध्ये त्र्यंबकेश्वरात उरुसाच्या संदलाची मिरवणूक मंदिराच्या उत्तर दरवाजाशी आली, त्यावरून राज्यभर गहजब झाला, विशेष तपास पथक नेमलं गेलं. पायरीशी धूप दाखवायची रीत जुनीच आहे असं सांगणारे लोक त्र्यंबकमध्ये होते, आणि असं काही नाही म्हणणारेही होते. गावातल्या गावात बसून मिटेल असा हा वाद होता. तो सोडवायला आलेले बहुतेक लोक मात्र त्र्यंबकला कधी मुक्कामालाही राहिलेले नसावेत.

काठे गल्लीचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं आहे, म्हणून थोडं थांबून बघायला हवं. एप्रिल २०२५मध्ये तिथला सातपीर दर्गा अनधिकृत म्हणून महापालिकेने पाडला. त्याच्या आदल्या रात्री जमावाने दगडफेक केली, पोलीस जखमी झाले. दर्गा पाडला गेला त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने पाडकामाला स्थगिती दिली आणि उच्च न्यायालयात दाखल झालेली याचिका वेळेत का ऐकली गेली नाही, याची विचारणा केली. यात तीन वेगळे प्रश्न आहेत. बांधकाम अनधिकृत होतं का? पाडताना कायद्याची रीत पाळली का? दगड मारणाऱ्यांवर कारवाई झाली का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असू शकतं. तिसऱ्याचं उत्तर पहिल्या दोघांवर अवलंबून नाही. पण शहरात मला माणसं भेटली ती तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर देणारी. दर्गा आपला असेल तर तिन्ही बाबतींत अन्याय, दर्गा त्यांचा असेल तर तिन्ही बाबतींत न्याय. सार्वजनिक जागेवरच्या धार्मिक अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००९चा आहे, तो मंदिर-मशीद बघत नाही. २०१७मध्ये याच महापालिकेने रस्त्यांतली मंदिरं काढायला घेतली तेव्हा शहरात केवढा विरोध झाला होता! तेव्हा ‘कायदा आहे ना’ म्हणणारे आणि २०२५ला ‘कायदा आहे ना’ म्हणणारे, यांत समान माणसं किती निघतील?

इथे एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ओळख बाजूला ठेवा, माणूस म्हणून बघा, हे सांगणं कुणाला परवडतं? ज्याच्या आडनावाने दार कधी बंद झालं नाही त्याला. २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, दादासाहेब गायकवाडांची बांधणी, पाच वर्षं चाललेली लढाई, आणि तरीही दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ला याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या सत्याग्रहाची बातमी ‘मंदिर प्रवेशावरून दोन गटांत तणाव’ अशी छापली असती तर ती शुद्ध लबाडी झाली असती. दार कुणासाठी बंद होतं आणि कुणी बंद केलं होतं, हीच तर बातमी होती. (‘पूर्वी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांनी एकदा पंचवटीत जाऊन त्या दाराशी उभं राहावं.)

तेव्हा ओळख गाळा, असं मी म्हणत नाही. ऑक्टोबर २०१६मध्ये तळेगाव-अंजनेरीत एका बालिकेवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यानंतर काय झालं ते आठवा. मुलगी गेल्याची खोटी बातमी मोबाइलवरून फिरली, बस जळाल्या, दलित वस्त्यांवर हल्ले झाले, जिल्ह्यात इंटरनेट बंद करावं लागलं. संशयिताच्या जातीचा त्याच्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता. पण वस्तीतल्या ज्या म्हातारीच्या दारावर दगड पडला, तो तिच्या जातीमुळेच पडला होता. एकाच घटनेच्या पहिल्या अर्ध्या भागात जात लिहिणं गैर आणि दुसऱ्या अर्ध्या भागात न लिहिणं गैर. हा विवेक करायला वार्ताहराला वेळ लागतो, आणि वाचकाला तर त्याहून जास्त. जिथे ओळखीमुळे घडलं तिथे ती सांगायची, आणि जिथे घडल्यावर चिकटवली तिथे ती सोलून काढायची. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

आणखी एक. आडनाव सगळेच शोधतात, पण सारख्या मनाने नाही. वडाळ्यातला एखादा मुस्लिम शिक्षक बॉम्बस्फोटाची किंवा बलात्काराची बातमी उघडताना मनात म्हणतो, आरोपी आपल्यातला नसू दे. राजवाड्यातली, म्हणजे दलित वस्तीतली, एखादी बाई असंच म्हणते. गंगापूर रोडसारख्या सुखवस्तू भागात बसून तेच आडनाव शोधणाऱ्याच्या पोटात असा गोळा येत नाही. या दोघांना एकाच तागडीत तोलून ‘दोन्हीकडून चूक आहे’ म्हणणं सोपं असतं. मात्र त्या शिक्षकाचाही नंतर एक तोटा होतोच. आरोपी आपला नाही हे कळल्यावर तो सुटकेचा श्वास टाकतो आणि पेपर मिटतो. पोलिसांनी चौकशी नीट केली का, हा प्रश्न त्याच्याकडूनही राहून जातो.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे शांतता समितीची बैठक. पोलीस ठाण्यात गणपती-मोहरमच्या आधी ती होते, प्रत्येक समाजाचे चार ‘प्रतिष्ठित’ बोलावले जातात, हार, चहा, एकोप्याची भाषणं, फोटो. मी या बैठकांना नावं ठेवणार नाही. ऐन वेळी ओळखीचा फोन असणं किती कामाला येतं, हे ज्याने दंगल टळताना पाहिली त्याला विचारा. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. त्याच दिवशी मालेगावातही अशाच अफवेने एका कुटुंबाला जमावाने घेरलं होतं. तिथे स्थानिक लोकांनी त्यांना एका घरात कोंडून वाचवलं आणि पोलिसांच्या हवाली केलं. पण शांतता समितीचा साचा बघा: माणूस तिथे वॉर्डातला रहिवासी म्हणून बसत नाही, ‘मुस्लिम समाजाच्या वतीने’, ‘दलित समाजाच्या वतीने’ म्हणून बसतो. बैरुतचीच ही छोटी आवृत्ती आहे. ज्या नेत्याचं अस्तित्वच आपल्या समाजाचा मुखत्यार असण्यावर टिकलंय, त्याला ही वाटणी पुसायची घाई का असेल? त्या खुर्च्यांवर त्याच गल्लीतला दूधवाला, आशा सेविका, शाळेचे मुख्याध्यापक, वायरमन आणि रिक्षा स्टँडवरचा जुना चालक बसवून बघायला काय हरकत आहे? अफवा आधी त्यांच्याच कानावर येते.

एकोप्याची भाषणं मला फार भावत नाहीत, याचं कारण सिंहस्थच आहे. पेशवाईत पर्वणीच्या मानावरून शैव आणि वैष्णव आखाड्यांच्या लढाया होत, रक्त सांडे. त्यांनी एकमेकांवर प्रेम करावं म्हणून कुणी व्याख्यानमाला लावली नाही. शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर स्नान करायचं, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडावर, अशी वाटणी झाली. ती आजही चालू आहे: तिकडे दहा आखाडे, इकडे निर्मोही, निर्वाणी आणि दिगंबर हे तीन. क्रम ठरलेला, वेळ ठरलेली, वेळ मोडणाऱ्याला हटकणारा प्रशासनाचा माणूस ठरलेला. मनं जुळली असतील-नसतील, नियम स्पष्ट होता आणि तो दोघांनाही लागू होता. भोंगा, मिरवणुकीचा मार्ग, रस्त्यातलं बांधकाम, डीजे या बाबतीत नाशिकला याहून वेगळं काही नको आहे. नियम लेखी हवा, आधी जाहीर व्हायला हवा, आणि गणेश मंडळाला वेगळा, उरुसाला वेगळा, जयंतीला वेगळा नको.

हे कुणाकडून करून घ्यायचं? मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६मध्ये. जवळपास चार वर्षं या शहराला नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. या काळात नाशिकने बांगलादेशसाठी बंद पाळला, आरक्षणासाठी मोर्चे काढले, दर्ग्यावरून रात्र जागवली. आमची निवडणूक घ्या म्हणून शहर बंद राहिल्याचं मला आठवत नाही. गल्लीतली तुंबलेली गटार कुणाला दाखवायची हेच ठाऊक नसलेल्या लाखो लोकांच्या शहरात, गटारीवर काय बोलणार? मग उरतं तेच बोलायचं.

स्थानिक वृत्तपत्रांकडून माझी एकच मागणी आहे आणि ती खर्चीक आहे, हे मला कळतं. अटकेची बातमी ज्या पानावर, ज्या आकारात छापली, सुटकेची त्याच पानावर त्याच आकारात छापावी. दगडफेकीची बातमी तिसऱ्या दिवशी सोडून देऊ नये. सहा महिन्यांनी त्या गुन्ह्यात दोषारोपपत्र गेलं का, नुकसानभरपाई मिळाली का, हे एका चौकटीत यावं. पहिल्या दिवशी आडनाव शोधणाऱ्या वाचकाला सहाव्या महिन्यात कळेल की आरोपपत्रच दाखल नाही, आणि त्या चुकीला आडनाव नाही, पद आहे.

३१ ऑक्टोबर २०२६ला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे, मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७मध्ये. हजारो कोटींची कामं निघाली आहेत. तोवर कुणाच्या दुकानाची पाटी काय आहे, घाटावर फुलं कुणी विकायची, प्रसाद कुणाच्या हातचा, यावर एखादं तरी वादळ उठवलं जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. ते उठेल त्या आठवड्यात मला महापालिकेकडून या गोष्टी कळल्या तर बरं होईल: रामकुंडाच्या वरच्या अंगाला गोदावरीत किती नाले अजून थेट मिसळतात, मलनिस्सारण केंद्रांचं काम कुठवर आलंय, ठेकेदारांना मुदतवाढ कितीदा दिली, आणि तपोवनाच्या बदल्यात लावायच्या म्हणून जाहीर झालेल्या १५ हजार झाडांपैकी किती लागली, त्यातली किती जगली आणि त्यांना पाणी घालायचं बिल कोणत्या खात्यातून निघतं.